वॉटसन हॉटेलचा लोखंडी सांगाडा वाचवता येईल का?

प्रश्न मुंबईतल्या काळा घोड्याच्या एस्प्लनेड मॅन्शनचा, म्हणजे जुन्या वॉटसन हॉटेलचा आहे. माझ्या मते वाचवता येईल, पण साधं वेल्डिंग करून नाही. सांगाडा इंग्लंडमध्ये ओतून 1860च्या दशकात इथे जोडला गेला. हे बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंड दाब उत्तम झेलतं, ताण मात्र नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने ते सांध्याशेजारी तडकतं. म्हणून भेगेवर आडवी छिद्रं पाडून धातूच्या पट्ट्या ठोकून बसवतात, म्हणजे थंड टाके.

त्याआधी क्रम महत्त्वाचा: गच्चीची गळती थांबवा, नंतर घातलेल्या पार्टिशन आणि माळ्यांचं ओझं उतरवा, टेकू द्या, मग खांब तपासा. पोकळ खांब ओतताना गाभा, म्हणजे पोकळी राखणारा साच्याचा आतला भाग, सरकलेला असू शकतो. एका बाजूची जाडी बरीच कमी निघते. चारही बाजूंनी अल्ट्रासॉनिक मोजणी, म्हणजे ध्वनिलहरींनी जाडी मोजणं, हवीच.

सज्जे सर्वांत धोक्याचे. 2005मध्ये एक भाग कोसळलाच होता. विटांच्या भरावाला सिमेंट नको, चुनाच वापरा. सिमेंट ओल कोंडतं आणि लोखंड आतून गंजतं.

पुन्हा हॉटेल करायचं तर आगीपासून लोखंड वाचवायला उष्णतेत फुगणारा रंग लागेल. कचेऱ्या किंवा कलादालन हा मला अधिक योग्य वापर वाटतो, कारण प्रत्येक खोलीला न्हाणीघर म्हणजे पुन्हा पाण्याचे नळ आणि गळती.