सीओएफ आणि प्रकाश: पहिल्या महिन्यात एवढंच कर

नवा सीओएफ (सेंद्रिय रेणू सहसंयुजी बंधांनी जोडून बनलेली सच्छिद्र, स्फटिकी चौकट) घडवायच्या मागे आत्ताच लागू नकोस. टीपीपीए-1 हा तयार माहितीतला सीओएफ घे. 2012 मध्ये पुण्याच्या एनसीएलमधून (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आलेला हा पदार्थ पाण्यात आणि आम्लातही टिकतो, शिकायला उत्तम.

लाल पूड हाती आली की लगेच दिव्याखाली ठेवायचा मोह होतो. आधी ती भरपूर धू आणि एक्स-रे पॅटर्न (स्फटिकाची रचना दाखवणारा आलेख) काढ. त्यात 4.7 अंशांजवळ (2θ) ठळक शिखर दिसलं नाही तर चौकट नीट जुळलेली नाही. पुढे जाऊ नकोस.

सीओएफ इथे प्रकाशावर चालणारा उत्प्रेरक आहे. अभिक्रिया सोपी निवड: निळा एलईडी, ऑक्सिजन, थायोअ‍ॅनिसोल या गंधकाच्या संयुगापासून सल्फॉक्साइड (गंधकावर एक ऑक्सिजन अणू). पुढे सल्फोन (दोन ऑक्सिजन अणू) होतोय का तेही बघ. सोबत हे कंट्रोल (तुलनेसाठीचे प्रयोग) हवेतच:

- पूर्ण अंधारात
- दिवा चालू, उत्प्रेरक नाही
- नायट्रोजनखाली, म्हणजे ऑक्सिजनशिवाय
- अंधारात, पण दिव्याखाली होतं तेवढ्याच तापमानाला

शेवटचा बहुतेक जण गाळतात आणि तिथेच फसतात. एलईडीजवळ बाटली चांगलीच तापते, आणि उष्णतेचं श्रेय प्रकाशाला जातं. पंखा लाव, द्रावणाचं तापमान मोज, दिव्यापासूनचं अंतर वहीत लिही.

अभिक्रियेनंतर पूड गाळून पुन्हा एक्स-रे घे. बँड गॅप, एक्सायटॉन वगैरे प्रकाश शोषणामागचा सिद्धांत नंतर बघू. कंट्रोल झाले की आकडे दाखव, नक्की जमेल तुला.