विहिरीच्या मलब्यातला हिरवा अभ्रक

तू जालन्याकडच्या विहिरीच्या मलब्यातून आणलेला चकाकता पांढरा तुकडा अभ्रक नाही बाबा, तो अपोफिलाइट नावाच्या खनिजाचा असावा. पापुद्रा काढून वाकवून बघ: अभ्रक वाकून परत सरळ होतो, हा कटकन मोडतो. मोठ्या पानांचा अभ्रक बेसाल्टच्या, म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्या, पोकळ्यांत शोधू नकोस; तो ग्रॅनाइटच्या भागातला. ग्रॅनाइट बघायचाच तर देगलूर-बिलोलीकडं जा.

पण आपल्या काळ्या दगडातही एक अभ्रक आहे, आणि तोच लोक फेकून देतात! पोकळीच्या भिंतीला शेवाळासारखा निळसर-हिरवा थर दिसतो ना, तो बहुधा सेलॅडोनाइट. पोटॅशियम, लोह, मॅग्नेशियम असलेला, अभ्रक गटातलाच. कण मात्र इतके बारीक की चकाकी नाही, मातीच वाटते. काठिण्य मोह्सच्या 1 ते 10 मापावर जेमतेम 2, नखानं निघतो. लाव्हा थंडावल्यावर पोकळीत झिरपलेल्या पाण्यातून बहुतेकदा हा आधी बसतो, ह्यूलँडाइट-स्टिल्बाइट या खनिजांचे स्फटिक त्याच्यावर. म्हणून हिरवा थर खरवडू नको, सगळा क्रम त्यातच कळतो. आम्ल तर लावूच नको. मी एक देखणा नमुना असाच घालवलाय. साधं पाणी, मऊ ब्रश, तोही फक्त स्फटिकांवर.

अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतला हिरवाही असल्याच हिरव्या मातीचा. पुढच्या वेळी दगड आणशील तेव्हा गावाचं नाव आणि खोली चिठ्ठीवर लिहून आण.