फळ पिकण्याचे जीन्स शिकायचेत? टोमॅटोपासून सुरू कर

अरे पहिल्याच दिवशी पन्नास जीन्सची यादी करून बसू नकोस, डोकं फिरेल. टोमॅटो घे. त्याचा जीनोम (सगळ्या डीएनएचा क्रम) 2012 लाच आलाय, आणि मायक्रो-टॉम नावाची बुटकी जात छोट्या कुंडीतही मस्त येते.

आधी एवढंच पक्कं कर:
- इथिलीन. टोमॅटो, केळी यांना पिकायला हा वायू लागतो. स्ट्रॉबेरी, द्राक्षांचं गणित वेगळं, तिकडे नंतर जा.
- रिन, नॉर आणि नेव्हर-राइप हे म्युटंट, म्हणजे एखादा जीन बिघडल्याने नीट न पिकणारे टोमॅटो. पहिल्या दोघांत पिकण्याचे बाकी जीन्स चालू करणारा मास्टर स्विच बिघडलेला, तिसऱ्यात इथिलीन ओळखणारा रिसेप्टरच बिघडलेला.

आता चुका. सगळ्यात कॉमन म्हणजे फळाचं वय रंगावरून ठरवणं. हिरव्या फळाचा रंग काहीच सांगत नाही, त्यामुळे फूल उमललं की त्याच दिवशी देठाला तारखेचा टॅग बांध आणि तिथून दिवस मोजत जा. दुसरी मी स्वतः केलीये, हिरवी फळं पिकलेल्यांसोबत एकाच डब्यात ठेवली आणि त्यांच्या इथिलीनने सगळी भराभर लाल झाली, महिन्याची मेहनत पाण्यात.

आणि कुठे 'रिन गेला की पिकणं बंद' असं वाचलंस तर जरा थांब. 2017 मध्ये क्रिस्परने (डीएनए हवा तिथे कापायचं तंत्र) तो जीन बंद पाडला तरी फळं अर्धवट पिकलीच, म्हणजे जुन्या म्युटंटमधलं बिघडलेलं प्रोटीनच आडवं येत होतं!

मिथिलेशन (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) वगैरे आत्ता उघडूच नकोस. पहिल्या फळाच्या खालच्या टोकाला पिवळसर-गुलाबी छटा दिसली, की सांग, मग कुठले जीन्स चालू आहेत ते कळायला फळातून आरएनए कसा काढायचा ते बघू.