महागडे ट्रॅक्शन बोर्ड हप्त्यावर घ्यावेत का?

तुमचा प्रश्न असा: फोर-बाय-फोर घेतली आहे, वर्षातून तीन-चारदा वाळूत-चिखलात जाता, तेही बहुधा एकटेच. नामांकित कंपनीचे चार ट्रॅक्शन बोर्ड, म्हणजे रुतलेल्या चाकाखाली सारायच्या दातेरी प्लास्टिकच्या फळ्या, क्रेडिट कार्डाच्या हप्त्यांवर घ्यावेत, की त्याच्या पाव किमतीतले साधे?

चार नकोत. दोन घ्या, पण चांगले. आणि हप्त्यावर तर नकोच.

बोर्डाआधी खर्च करायचा तो हवेचा दाब मोजायचा गेज, टायर फुगवायचा कंप्रेसर आणि फावडं यांवर. रस्त्यावर ३२-३५ पीएसआय ठेवलेली हवा वाळूत १८-२० वर आणली की टायर पसरतो आणि बरेचदा बोर्ड काढावाच लागत नाही. ब्रिटिश लष्करी अधिकारी राल्फ बॅगनोल्ड १९२०-३० च्या दशकांत लिबियाच्या वाळवंटात मोटारी घेऊन फिरला, तो हेच करायचा. तरीही रुतली तर चाकाखाली लोखंडी पन्हळी सारायचा. आजचे बोर्ड म्हणजे त्याच पन्हळींची प्लास्टिकची नातवंडं.

आता स्वस्त-महाग. फरक प्लास्टिकच्या जातीत आहे. चांगला बोर्ड मजबुती दिलेल्या नायलॉनचा असतो, वाकतो आणि परत सरळ होतो. स्वस्त बोर्ड खाली पोकळी राहिली की तडकतो. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: चाक जागच्या जागी गरगर फिरवलंत तर घर्षणाच्या उष्णतेने महागड्या बोर्डाचेही दात वितळतात, आणि असं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. चाकापुढची वाळू उपसायची, बोर्ड टायरखाली घट्ट खुपसायचा, हलक्या पायाने गाडी काढायची. हे जमत नसेल तर महागडा बोर्ड घेऊनही पैसे पाण्यात.

सोबत विंचवाली (रुतलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र बसवलेली) दुसरी गाडी असती तर मी तुम्हाला स्वस्तच घ्या म्हटलं असतं. तुम्ही एकटे जाता, म्हणून स्वस्त नकोत. रस्त्यावरच्या मदतीच्या अनेक योजना कच्च्या वाटेवर येत नाहीत. पॉलिसीतलं ते कलम वाचा. खासगी टोइंगचं एक बिल स्वस्त आणि महाग जोडीच्या किमतीतला फरक खाऊन टाकू शकतं.

चारचा हट्ट मात्र सोडा. दोन बोर्ड पुढे सरकवत नेता येतात. ट्रेलर ओढत असाल तर गोष्ट वेगळी.

'बिनव्याजी' हप्त्यात बरेचदा प्रोसेसिंग फी असते, नाहीतर रोखीची सूट जाते. हौसेच्या खात्यात चार महिने पैसे साठवा, तोवर मित्राचे बोर्ड मागून न्या. आणीबाणीच्या निधीला हात लावू नका. गाडी रुतणं ही आणीबाणी असली तरी बोर्ड घेणं नाही.

आणि घेतल्यावर ते बारा महिने छतावर बांधून मिरवू नका. वाऱ्याचा अडसर वाढून इंधन जास्त जातं, शिवाय कुलूप नसेल तर चोराची सोय.