पाण्याची चित्रफीत बंद करून पाहा

प्रश्न : मी एका खोलीत निसर्गावरचं मांडणशिल्प करते आहे. छतापासून टांगलेली वाळकी पानं, हातकागदावर घेतलेले सालींचे ठसे, खाली ओली माती, भिंतीवर वाहत्या पाण्याची चित्रफीत आणि पक्ष्यांचे आवाज. लोकांनी इथं निवांत बसावं असं वाटतं, पण येणारे फोटो काढून मिनिटभरात निघून जातात. शिवाय पानांना बुरशी लागते आहे. काय करू?

उत्तर : चित्रफीत आणि आवाज, दोन्ही बंद करा. हलतं चित्र असलं की डोळा तिकडेच ओढला जातो. तुम्ही एवढ्या कष्टानं घेतलेले सालींचे ठसे मग कोण पाहणार?

न्यूयॉर्कमध्ये शिल्पकार वॉल्टर डी मारिया यांची ‘अर्थ रूम’, म्हणजे मातीची खोली, 1977 पासून आहे. पांढऱ्या भिंतींच्या जागेत 22 इंच जाडीचा मातीचा थर, बाकी काही नाही. ती माती नियमानं ओली करून दाताळ्यानं सारखी करतात. पाहायला दुसरं काही नसलं की मातीचा वास जाणवू लागतो. तुमच्याकडेही माती आहे, पण पक्ष्यांच्या गलक्यात तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मी एकदा बियांच्या म्हाताऱ्या बारीक दोऱ्यांना टांगल्या होत्या. दाराशी काळ्या कापडाची वळणाची वाट केली आणि आत एकच मंद दिवा ठेवला. उजेडातून आलेल्या डोळ्यांना अंधार सरावायला काही मिनिटं लागतात, तेवढा वेळ माणूस आपसूक थांबतो. मग त्याला दिसायचं, की आपल्या श्वासानं म्हातारी हलते आहे. कित्येकांनी श्वास रोखून पाहिलं. त्या खोलीत मला जे सांगायचं होतं ते तेवढंच होतं, आणि ते पोचलं याचा आनंद अजून आहे.

बुरशीचं कारण बहुधा तुमची ओली मातीच. बंद खोलीत तिची वाफ पानांत मुरते. पानं हवीत की ओली माती, हे ठरवावं लागेल. मी मातीच्या बाजूनं आहे. पानं ठेवायचीच असतील तर माती कोरडी घ्या. नवी पानं कागदात दाबून, कागद बदलत दोन-तीन आठवडे वाळवा, आणि खोलीत वारा खेळू द्या.

बसायला काहीतरी ठेवाच. बुटकं, आणि दाराकडे पाठ होईल असं.