खोलीचा उजेड आधी बघ

चिरंजीवास,
अनेक आशीर्वाद.

शेडकार्डाचे दोन्ही तुकडे मिळाले. एक लोण्यासारखा पिवळसर फिकट, दुसरा राखाडी झाक असलेला गडद निळा. झोपायची खोली दहा बाय दहाची, एकुलती एक खिडकी उत्तरेला आणि तिच्यासमोर शेजारची इमारत. घरचे म्हणतात, खोली लहान आहे, फिकटच लाव. मला ते पटत नाही.

फिकट रंग उजेड तयार करत नाही, मिळालेला परत देतो. तुझा लोणी रंग भिंतीवर पडलेल्या उजेडातला पाऊण हिस्सा परत देईल, निळा जेमतेम दहावा. पण मुळात येतोच किती? आणि येतो तो आकाशाचा, निळसर. चुन्यात चिमूटभर नीळ घालतात ती पिवळटपणा मारायला. उत्तरेचा उजेड तुझ्या पिवळ्याचं तेच करेल. माझ्या पहिल्या घरात अशाच खोलीला मी असाच फिकट रंग दिला होता. पावसाळाभर भिंती न धुतलेल्या चादरीसारख्या दिसायच्या. फार वाईट वाटायचं.

शिवाय त्या खोलीत तू असतोस रात्री नऊनंतर. तेव्हा निळाच लाव, चारही भिंतींना. मात्र 6500 केल्विनची पांढरी ट्यूब काढून टाक, 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, दोन दिवे पलंगाजवळ लाव. त्या ट्यूबखाली हा निळा अगदी निर्जीव दिसेल.

बाथरूमला लागून असलेल्या भिंतीची मला खरी काळजी आहे. तिथे ओल असेल तर आधी गळती काढ, भिंत पूर्ण वाळू दे. फिकट रंगावर न दिसणारा पांढरा खार गडद रंगावर लगेच उठून दिसतो. फिनिश मॅट घे, चकाकीत भिंतीचे उंचसखल भाग दिसतात. मॅटवर स्विचबोर्डाशी हात घासल्याचे डाग पडतात, म्हणून थोडा रंग डब्यात राखून ठेव. प्रायमरमध्येही राखाडी छटा मिसळून घे, नाहीतर दोन हातांत रंग भरणार नाही.

आधी लहान डबा आणून मोठ्या पुठ्ठ्याला दोन हात दे. तो खिडकीजवळ, मग पलंगामागे उभा कर आणि नवे दिवे लावून रात्री बघ. रविवारी दुपारी ठरवू नकोस. आणि पुट्टी घासून झाली की रंगाऱ्याला दिवा भिंतीलगत धरायला सांग, खड्डे तेव्हाच दिसतात.