पुण्यात न अडकता कोल्हापूर, आणि नागपूरहून मालवण

प्रश्न: आम्ही नाशिकचे. दिवाळीनंतर आई-बाबांना घेऊन कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला जायचंय, गाडी चालवणारा मी एकटाच. मागच्या वेळी सगळे म्हणाले पहाटे निघा, ट्रॅफिक लागत नाही, म्हणून पाचला निघालो तरी चाकणला अडकलो, पुढे वाकडला परत अडकलो, आणि बाबांचे गुडघे दुखतात त्यांना एवढा वेळ बसवत नाही. पुणं पूर्ण टाळून जाता येतं का? — एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: दादा, तुम्ही पहाटे निघालात पण पहाटे पोचलात कुठे ते बघा. पाचला नाशिक सोडलं, सिन्नर, संगमनेर, चंदनापुरी घाट, आळेफाटा करत चाकणला आलात तेव्हा साडेआठ वाजले असणार, म्हणजे कंपन्यांच्या बसेस, कंटेनर आणि दुचाक्या सगळं एकदमच रस्त्यावर. तिथून सुटून वाकडला गेलात तर दहा, आणि ती हिंजवडीच्या ऑफिसवाल्यांची वेळ. लवकर निघून तुम्ही दोन्ही ठिकाणी नेमक्या वाईट वेळेला पोचलात. म्हणून प्लॅन करताना घरून कधी निघायचं हे सगळ्यात शेवटी ठरवायचं. आधी वाटेतलं सगळ्यात मोठं शहर कुठलं ते बघा, ते किती वाजता पार करायचं ते ठरवा आणि तिथून उलटं मोजत या.

आता पुणं पूर्ण टाळायचा रस्ता. आहे, आणि बरेच लोक जातात. राजगुरुनगरला हायवे सोडायचा, पाबळवरून शिक्रापूर, तिथून न्हावरे, चौफुला, सुपे, मोरगाव, नीरा, लोणंद, मग वाठारवरून साताऱ्याला हायवेला लागायचं. यात चाकण नाही, वाकड नाही, नवले पूल नाही, खंबाटकी घाटसुद्धा नाही. पण शिक्रापूरला पुणे-नगर रस्ता ओलांडावा लागतो आणि तो चौकच मुळात तुंबलेला असतो, आणि गावागावात स्पीडब्रेकर, काही तर असे की गाडी जवळजवळ थांबवूनच न्यावी लागते. बाबांच्या गुडघ्यांचं म्हणताय ना, म्हणून सांगतो, ट्रॅफिकमध्ये तासभर बसण्यापेक्षा हे धक्के त्यांना जास्त त्रास देतील.

आणि तुम्ही दिवाळीनंतर जाताय, म्हणजे ऊसतोड सुरू झालेली. मोरगावपासून पुढे साताऱ्यापर्यंत एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे धड लाल दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही, आणि उसाची टोकं ट्रॉलीच्या बाहेर आलेली असतात ती बरोबर तुमच्या काचेच्या उंचीला. समोरून येणाऱ्या गाडीच्या लाईटने डोळे दिपले की ती ट्रॉली अगदी जवळ येईपर्यंत दिसतच नाही. त्यामुळे या रस्त्याने जायचंच असेल तर दिवसाउजेडी, अंधार पडल्यावर अजिबात नाही. आषाढी वारीच्या दिवसांत तर हा रस्ता डोक्यातूनच काढून टाका, माऊलींची पालखी जेजुरी, वाल्हे, लोणंद, फलटण अशीच जाते आणि तेव्हा तो रस्ता वारकऱ्यांचा.

मला विचाराल तर मी तुमच्या जागी प्रवासाचे दोन तुकडे करीन. आदल्या दिवशी जेवण करून आरामात नाशिक सोडा आणि नारायणगावला मुक्काम करा. वेळ असेल तर संध्याकाळी ओझरच्या विघ्नहराचं दर्शन होईल, तिथे बाबांना चढायला काही नाही, लेण्याद्री मात्र नको, तिथे पायऱ्या भरपूर आहेत. दुसऱ्या दिवशी साडेचारला गाडी काढा. चाकण साडेपाचच्या आत मागे पडायला हवं, मग मोशी, भोसरी, नाशिक फाट्यावरून वाकड आणि बायपासला लागा. चांदणी चौक, वारजे, नवले पूल सगळं सातच्या आत संपतं. नाश्ता शिरवळला करा आणि बाबांना तिथे दहा मिनिटं चालायला लावा. खंबाटकीला जाताना जुना रस्ता घाट चढून जातो, जुना बोगदा फक्त येताना, तेव्हा घाटात एखादा ट्रक बंद पडल्याचं कळलं तर शिरवळवरूनच लोणंदला वळून वाठारमार्गे सातारा गाठता येतं. हे सगळं धरून अकराच्या सुमाराला कोल्हापुरात असाल.

मुक्काम नकोच असेल तर मग लवकर निघू नका, उलट आठला निघा. चाकणला साडेअकरा-बारा होतील, गर्दी असतेच पण सकाळच्या शिफ्टची नसते, आणि बायपासला दुपारी एक म्हणजे त्यातल्या त्यात बरी वेळ. जमलं तर गुरुवार धरा, पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी सुट्टी असते. शुक्रवारी संध्याकाळी मात्र पुण्याच्या कुठल्याच बाजूला जाऊ नका.

परतीचं एक सांगतो कारण ते कोणी सांगत नाही. साताऱ्याकडून येताना नवीन कात्रज बोगदा संपला की नवले पुलापर्यंत लांब उतार आहे, आणि अवजड गाड्यांचे ब्रेक फेल होऊन तिथे वारंवार अपघात झालेत. तिथे कंटेनरच्या पुढे राहू नका, दोन कंटेनरच्या मध्ये तर मुळीच नको, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि लेन बदलायची घाई करू नका.

प्रश्न: नागपूरहून मालवणला जायचंय, चार मोठे आणि दोन मुलं. फोनवर समृद्धीने सिन्नर, मग पुणे, मग कोल्हापूर असा रस्ता दाखवतोय. समृद्धी चांगलाच आहे पण पुण्याची भीती वाटते. दुसरा रस्ता सांगा ना. — एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर: ताई, समृद्धी 701 किलोमीटरचा, जून 2025 पासून भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत पूर्ण सुरू झालाय, मुंबईला जायचं असेल तर त्याच्यासारखा रस्ता नाही. पण मालवण खाली दक्षिण कोकणात आणि समृद्धी तुम्हाला नेतो पश्चिमेला. सिन्नरला उतरलात की वरच्या दादांचा सगळा प्रॉब्लेम तुमचा झाला, तोही शेकडो किलोमीटर गाडी चालवून थकल्यावर.

तुमचा रस्ता म्हणजे नागपूर-तुळजापूर. बुटीबोरी, वर्धा, यवतमाळ, नांदेड, लातूर, तुळजापूर, सोलापूर. तिथून रत्नागिरीकडे जाणारा हायवे धरा, मंगळवेढा, सांगोला, मिरज करत कोल्हापूरच्या बाजूला. पुणं कुठे आलंच नाही. वाटेत मोठी शहरं म्हणजे मुख्यतः नांदेड, लातूर आणि सोलापूर, त्यातलं नांदेड दुपारच्या आत पार होईल असं बघा.

लहान मुलं आहेत तर एका दिवसात करायचा विचारसुद्धा करू नका. पहाटे पाचला निघालात तर संध्याकाळपर्यंत सोलापूर येतं, आणि इथे बरेच लोक शहरात शिरल्या शिरल्या दिसेल ते हॉटेल घेतात. तसं नका करू. कंटाळा आला तरी शहर ओलांडून मंगळवेढ्याला मुक्काम करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा-ऑफिसच्या गर्दीतून तेच शहर पार करावं लागतं आणि दिवसाची सुरुवातच चिडचिडीने होते. नवरात्र आणि कोजागिरीच्या आसपास तुळजापूर-सोलापूर रस्त्यावर पायी जाणाऱ्या भाविकांची रीघ असते आणि वाहतूक वळवतात, ते दिवस सोडून तारीख काढा.

दुसऱ्या दिवशी मिरज सोडलं की जयसिंगपूर, हातकणंगले भागात वेग पडेल, तो धरूनच चाला. शिरोलीला पुणे-बेंगळुरू हायवे लागला की कोल्हापुरात न शिरता तसेच निपाणीपर्यंत खाली या. निपाणीहून उजवीकडे मुधाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवली, पुढे कसालवरून मालवण. शहर नाही, सिग्नल नाही आणि दाजीपूरचं जंगल बघत जाता. फक्त अंधार व्हायच्या आत घाट उतरा. तिथे गवे रस्त्यावर येतात, एवढं मोठं जनावर पण अंगाचा रंग इतका काळसर की हेडलाईटमध्येसुद्धा उशिरा कळतं, आणि एक रस्ता ओलांडून गेला म्हणून लगेच गाडी काढायची नाही, मागून कळप येत असतो. पावसाळ्यात निघण्याआधी घाट चालू आहे ना ते कणकवलीत कोणाला तरी फोन करून विचारा, दरड पडल्यावर फोनच्या मॅपला ते कळायला वेळ लागतो.

प्रश्न: मॅपमध्ये 'हायवे टाळा' असं सेटिंग केलं की ट्रॅफिक टळतो का? आम्हाला तर शेताच्या बांधावर नेलं. — एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर: नाही काका, ते सेटिंग बंदच करा. त्याने शहर टळत नाही, चांगला रस्ता टळतो, बायपाससुद्धा शेवटी हायवेच ना. त्यापेक्षा आपल्याला ज्या गावावरून जायचंय ती गावं मधले थांबे म्हणून टाका, दोन-तीन पुरतात, म्हणजे मॅप त्याच रस्त्याने नेतो. थांबा टाकताना पिन गावाच्या आत पडू देऊ नका, बायपासवरच्या एखाद्या पेट्रोल पंपावर टाका, नाहीतर तो तुम्हाला आठवडी बाजारातून फिरवून आणेल.

दुसरं म्हणजे मॅप आत्ताचा ट्रॅफिक बघून वेळ सांगतो, तुम्ही तिथे पोचणार पाच तासांनी. आदल्या रात्री अकराला बघितलं तर सगळे रस्ते हिरवेच दिसणार. त्यासाठी फक्त शहराजवळचा तुकडा वेगळा शोधा, समजा चाकण ते खेड शिवापूर, आणि निघायची वेळ म्हणून तुम्ही तिथे ज्या वारी, जितक्या वाजता असाल ती टाका. तासाभराने पुढे-मागे करून बघा, कुठल्या वेळेला आकडा खाली येतो ते लगेच दिसतं. आणि रात्री अनोळखी भागात त्याने दहा मिनिटं वाचतात म्हणून हायवे सोडायला सांगितलं तर सोडू नका, समोरून एसटी किंवा ट्रक येताना दिसत नसतील तर तो रस्ता तुमच्यासाठी नाही.